बारा डॉलर की बाराशे? अमेरिकेतली कार्डांची दुकानं आणि तक्रारीतून इतिहास वाचणं

संशोधनाचा विषय शोधणाऱ्या विद्यार्थ्यांकडून एक वाक्य नेहमी ऐकू येतं: "विषय फार छोटा आहे हो, गाईड हसतील." म्हणून आज मुद्दामच एक छोटा विषय घेऊया. अमेरिकेत खेळाडूंच्या कार्डांची दुकानं असतात. साधारण पत्त्याएवढं जाड कागदाचं कार्ड, पुढे बेसबॉल, बास्केटबॉल किंवा अमेरिकन फुटबॉलच्या खेळाडूचा फोटो, मागे त्याची आकडेवारी. ही कार्डं विकणारं आणि विकतही घेणारं गल्लीतलं दुकान. तिथे गिऱ्हाइकाला कशी वागणूक मिळते, हा इतिहासाचा प्रश्न होऊ शकतो का?

होऊ शकतो, पण एका अटीवर. "सेवा चांगली होती की वाईट?" हा प्रश्न बाजूला ठेवायचा आणि दुसरा विचारायचा: त्या त्या काळात वस्तूच्या किमतीची माहिती काउंटरच्या कुठल्या बाजूला जास्त होती? हा प्रश्न धरला की दुकानदाराचा चांगुलपणा, गिऱ्हाइकाचा राग, कंपनीने पाकिटाला बदललेला कागद आणि न्यायालयाचा निकाल या सगळ्या सुट्या गोष्टी एका धाग्यात येतात. कसं ते टप्प्याटप्प्याने बघू.

आधी कार्डाचं दुकान नव्हतंच

सुरुवातीला कार्ड ही विकायची वस्तूच नव्हती. १८८० च्या दशकात अमेरिकन सिगारेट कंपन्या पाकिटात एक जाड पुठ्ठा घालत. त्याने सिगारेटी चेंगरायच्या नाहीत, आणि त्यावर चित्र छापलं की जाहिरातही व्हायची. अॅलन अँड गिंटर कंपनीची १८८७ ची कार्डं आणि गुडविन कंपनीची 'ओल्ड जज' कार्डं ही त्यातली प्रसिद्ध. पुढे कार्ड तंबाखूकडून च्युइंगगमकडे सरकलं. १९३३ मध्ये गाऊडी, १९४८ मध्ये बोमन आणि १९५० च्या दशकात ब्रुकलिनची टॉप्स. टॉप्सचा १९५२ चा ४०७ कार्डांचा संच आजच्या कार्डाचा नमुना मानला जातो. तो घडवणारे साय बर्गर हे कंपनीचे साधे कर्मचारी होते. १९५६ मध्ये टॉप्सने बोमनलाच विकत घेतलं आणि बाजार जवळजवळ एकहाती केला.

या काळात पोरं कार्ड कुठे घेत? नाक्यावरच्या गोळ्या-बिस्किटांच्या दुकानात. एक किंवा पाच सेंटचं पाकीट, आत गम आणि कार्ड. दुकानदाराला त्यातल्या खेळाडूंशी काही देणंघेणं नव्हतं. पाकीट बंद, भाव छापील, आत काय आहे ते दोघांनाही ठाऊक नाही. म्हणजे अज्ञान दोन्हीकडे सारखंच. म्हणूनच या काळातली "कार्ड घेताना फसलो" अशी तक्रार फारशी सापडत नाही. आता इथे थांबून एक गोष्ट लक्षात घ्या. तक्रार सापडत नाही याचा अर्थ सगळे खूश होते असा होत नाही. तक्रार करायला आधी "मला काहीतरी मिळायला हवं होतं" ही अपेक्षा तयार व्हावी लागते. ती अजून तयार झालेली नव्हती.

मोठी माणसं मात्र जुनी कार्डं जमवायला लागली होती. न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूजचे जेफरसन बर्डिक यांनी १९३० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत छापल्या गेलेल्या कार्डांची सूची केली. 'टी-२०६' सारखी नावं त्यांच्याच सूचीतली. त्यांनी आपला तीन लाखांहून अधिक कागदांचा संग्रह न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन संग्रहालयाला दिला. संग्राहक एकमेकांना पत्रं लिहून देवघेव करत. दुकान लागतच नव्हतं.

किमतीचं पुस्तक काउंटरवर येतं

दुकान कशामुळे उभं राहिलं? दोन गोष्टींमुळे, आणि दोन्ही तीन-चार वर्षांच्या आत घडल्या.

पहिली, किमतीची यादी. जेम्स बेकेट हे ओहायोतल्या बोलिंग ग्रीन स्टेट विद्यापीठात संख्याशास्त्र शिकवत. त्यांनी विक्रेत्यांकडून कार्डांचे भाव गोळा केले आणि १९७९ मध्ये डेनिस एकेस यांच्याबरोबर किमतींचं जाडजूड पुस्तक काढलं. १९८४ मध्ये बेकेट यांचं मासिक सुरू झालं. त्यात प्रत्येक कार्डासमोर दोन रकाने असत, वरचा भाव आणि खालचा भाव, आणि भाव चढला की उतरला हे दाखवणारे बाण. शेअर बाजाराच्या पानासारखंच!

दुसरी, मक्तेदारी मोडणं. फ्लीअर कंपनीने टॉप्सविरुद्ध खटला भरला होता. १९८० मध्ये फिलाडेल्फियाच्या फेडरल न्यायालयाने टॉप्सच्या विरोधात निकाल दिला, आणि १९८१ मध्ये फ्लीअर व डॉनरस या कंपन्यांची बेसबॉल कार्डं बाजारात आली. त्याच वर्षी अपील न्यायालयाने निकाल फिरवला. पण नव्या कंपन्यांनी गम काढून टाकला. फ्लीअरने स्टिकर घातले, डॉनरसने कोड्याचे तुकडे. आणि बाजार खुला राहिला.

आता बघा काय झालं. माल वाढला, भाव छापून आले, वडिलांच्या जुन्या खोक्यातल्या कार्डांना किंमत आहे हे घरोघरी कळलं. १९८० च्या दशकात शहरोशहरी कार्डांची दुकानं निघाली. काचेचं कपाट, आत एकेक कार्ड प्लॅस्टिकच्या खोळीत, आणि काउंटरवर बेकेटचा ताजा अंक. त्या अंकाकडे वस्तू म्हणून नीट पाहा, कारण तोच आपला मुख्य पुरावा आहे. दुकानदार त्यात बघून भाव सांगायचा. समोरचा बारा वर्षांचा मुलगाही तोच अंक घरी वाचून आलेला असायचा. कित्येकदा मुलाचंच वाचन जास्त.

बारा की बाराशे?

याच काळातलं एक प्रकरण पुढे अमेरिकेत करार कायदा शिकवताना उदाहरण म्हणून वापरलं गेलं. १९९० साली शिकागोजवळच्या एका उपनगरात एका दुकानात नोलन रायन या गोलंदाजाचं १९६८ चं टॉप्स कार्ड होतं. त्याचं पदार्पणाचं कार्ड, म्हणून महाग. चिठ्ठीवर आकडा लिहिला होता, १२०० आणि पुढे तिरकी रेघ. टिंब नव्हतं. त्या दिवशी काउंटरवर कार्डांची माहिती नसलेली विक्रेती उभी होती. तिने तो आकडा बारा डॉलर असा वाचला, आणि कार्डं जमवणाऱ्या एका शाळकरी मुलाने बारा डॉलर देऊन ते घेतलं. मालकाला कळलं तेव्हा त्याने कार्ड परत मागितलं, आणि शेवटी प्रकरण न्यायालयात गेलं.

मालकाचं म्हणणं सरळ होतं: चूक झाली, आणि मुलाला ती कळत होती. मुलाच्या बाजूचं म्हणणंही सरळच: किंमत सांगितली, पैसे दिले, व्यवहार संपला. काउंटरवर नेमके काय शब्द बोलले गेले, यावरच वाद होता. खटला चालू असताना मुलाने ते कार्ड दुसऱ्याशी अदलाबदल करून टाकल्याचं बाहेर आलं. अखेर १९९१ मध्ये तडजोड झाली. कार्डाचा लिलाव करायचा आणि पैसे धर्मादाय कामाला द्यायचे.

कायद्याच्या विद्यार्थ्याला इथे "एका बाजूची चूक" हा मुद्दा दिसतो. इतिहासाच्या विद्यार्थ्याने वेगळं काही पाहायला हवं. दहा-पंधरा वर्षांपूर्वी हा खटला संभवलाच नसता. छापील किमतींशिवाय "बाराशे" ही 'खरी' किंमत आणि "बारा" ही चूक, असं कोणी म्हणू शकलं नसतं. एरवी आपण गृहीत धरतो की दुकानदाराला जास्त माहीत आणि मूल भाबडं. इथे ते उलटं झालं होतं. आणि निकाल लागलाच नसल्यामुळे "माहीत असून गप्प राहणं ही फसवणूक का?" हा प्रश्न न्यायालयाने सोडवलेला नाही. तो तसाच उघडा आहे. तुमच्या वर्गात विचारून बघा, वर्ग दोन भागांत फुटेल.

घेताना एक भाव, देताना दुसरा

मोठ्या बातम्यांत ही असली प्रकरणं येतात. रोजची तक्रार मात्र निराळी. गिऱ्हाईक पुस्तकात शंभर डॉलर लिहिलेलं कार्ड घेऊन दुकानात येतं. दुकानदार म्हणतो, पन्नास देतो, किंवा त्याहूनही कमी. गिऱ्हाईक चिडतं: "तुमच्याच पुस्तकात शंभर लिहिलंय की!"

आपल्याला हा अनुभव नवा नाही. सराफाकडे सोनं मोडायला गेलात की भाव एक आणि हातात येणारी रक्कम दुसरी. पण सोन्याला उठाव कायम असतो. कार्डाचं तसं नाही. दुकानदाराने आज घेतलेलं कार्ड विकायला वर्षही लागेल. तोवर भाडं, वीज, आणि भाव पडण्याची जोखीम त्याच्याच डोक्यावर. शिवाय संचातली बहुसंख्य कार्डं, ज्यांना तिथे 'कॉमन' म्हणतात, ती पडूनच राहतात. पुस्तकातला भाव हा विकण्याचा होता, विकत घेण्याचा नव्हे. ही एवढी ओळ गिऱ्हाइकाला कळली नाही, की दुकानदार लबाड ठरायचा.

इथे एक सैद्धांतिक आधार उपयोगी पडेल. मानववंशशास्त्रज्ञ क्लिफर्ड गिर्ट्झ यांनी १९७८ मध्ये मोरोक्कोतल्या बाजारावर एक छोटा लेख लिहिला. त्यांचं म्हणणं असं: बाजारात माहिती तुटपुंजी असते आणि सगळ्यांकडे सारखी नसते, म्हणून माणसं दर वेळी नवा विक्रेता शोधत नाहीत, ठरलेल्या विक्रेत्याशी नातं धरून राहतात. आपल्याकडचं 'नेहमीचं गिऱ्हाईक' म्हणजे हेच. कार्डाच्या दुकानातला नेहमीचा माणूस असाच असतो. त्याला नवा माल आधी दाखवला जातो, एखादं कार्ड त्याच्यासाठी बाजूला काढून ठेवलं जातं. नव्या माणसाला तेच वागणं "ओळखीवाल्यांचं दुकान" असं वाटतं. एकाच दुकानाबद्दल "घरच्यासारखं" आणि "तुसडं" असे दोन अभिप्राय मिळाले, तर दोन्ही खरे असू शकतात. फक्त लिहिणारा नात्याच्या आत होता की बाहेर, एवढं तपासा.

आत कोण होतं, हेही विचारा. जॉन ब्लूम यांनी १९९७ मध्ये कार्ड जमवणाऱ्या प्रौढांवर एक पुस्तक लिहिलं. बालपणाची ओढ आणि पुरुषपणाच्या कल्पना या छंदात कशा मिसळल्या आहेत, हे त्यात दिसतं. म्हणजे "पूर्वी दुकानं किती छान होती" असं सांगणारा आवाज बहुतेक वेळा एका विशिष्ट गटाचा असतो. ज्या मुली त्या दुकानात कधी गेल्याच नाहीत, त्यांची तक्रार कागदावर नाही.

पाकीट कोणी चाचपलं?

सुट्या कार्डाचं हे झालं. बंद पाकिटाची गोष्ट वेगळी. एकदा आतल्या कार्डाला भाव आला, की "हे पाकीट कुणी आधी उघडलं तर नाही?" हा संशय आलाच. मेणकागदाचं पाकीट उघडून, महागाचं कार्ड काढून, गरम करून पुन्हा चिकटवता यायचं. शिवाय लोकप्रिय कार्डांच्या नकलाही निघू लागल्या होत्या.

या भीतीतून एक कंपनीच जन्माला आली. कॅलिफोर्नियातल्या अॅनाहाइममध्ये 'अपर डेक' नावाचं कार्डांचं दुकान होतं. तिथला दुकानदार आणि हॉलोग्रामची माहिती असलेला एक छपाई व्यावसायिक यांच्या बोलण्यातून नकली कार्डांवरचा उपाय निघाला. १९८९ मध्ये त्याच नावाच्या कंपनीची पहिली कार्डं आली. प्रत्येक कार्डावर हॉलोग्राम, आणि पाकीट फॉइलचं, जे उघडलं की कळतं. संचातलं पहिलं कार्ड केन ग्रिफी ज्युनियरचं. म्हणजे काउंटरवरचा अविश्वास थेट वस्तूच्या रचनेत उतरला. वस्तूकडे पुरावा म्हणून पाहायचं ते असं.

पण संशय मेला नाही, रूप बदलून परत आला. पुढे कंपन्या मोजक्या पाकिटांत खास कार्डं घालू लागल्या. ही कार्डं कधी जाड असायची. मग काही गिऱ्हाइकं पाकिटं बोटांनी चाचपू लागली, तर काही जण छोट्या तराजूवर तोलू लागले. "पाकिटांना हात लावू नका, मागा, आम्ही देतो" असं दुकानदार सांगतो तेव्हा उद्धट वाटतं खरं. पण तो पुढच्या गिऱ्हाइकाला वाचवत असतो.

खास कार्ड न मिळालेल्या ग्राहकांनी "हा जुगार आहे" म्हणून १९९० च्या दशकात कंपन्यांवर खटलेही भरले. २००२ मध्ये अमेरिकेच्या नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने सांगितलं की हवं ते कार्ड न मिळण्याची निराशा ही कायद्याच्या दृष्टीने नुकसान नव्हे. पाकीट घेतलं, पाकीट मिळालं. गोळ्या-बिस्किटांच्या दुकानातलं जुनं समान अज्ञान न्यायालयाने पुन्हा नियम म्हणून मांडलं, असं मला वाटतं. फरक एवढाच की आता कंपनीला सगळं माहीत होतं.

विश्वास प्लॅस्टिकच्या डबीत

१९९१ मध्ये पीएसए ही कंपनी सुरू झाली. कार्ड त्यांच्याकडे पाठवायचं, ते तपासून १ ते १० मध्ये गुण देतात आणि कडक प्लॅस्टिकच्या डबीत बंद करून परत पाठवतात. "कोपरे बरे आहेत का, कापलंय का" हे सांगण्याचं दुकानदाराचं काम तिसऱ्याच माणसाकडे गेलं. १९९५ मध्ये ईबे आलं आणि भावाचं कामही दुकानाबाहेर पडलं. कालचा खरा विक्रीभाव कोणीही बघू शकतं.

मग आता तरी फसवणूक संपली? पीएसएने गुण दिलेलं पहिलंच कार्ड बघा. टी-२०६ संचातलं होनस वॅग्नरचं कार्ड, १९८५ मध्ये लाँग आयलंडवरच्या एका कार्डाच्या दुकानात विकलं गेलेलं, आणि १९९१ च्या लिलावात आइस हॉकीपटू वेन ग्रेट्झकी व त्याच्या भागीदाराने ४,५१,००० डॉलरला घेतलेलं. त्याला १० पैकी ८ मिळाले. २०१३ मध्ये बिल मास्ट्रो या लिलावदाराने, ज्याने ते त्या दुकानात घेतलं होतं, फेडरल न्यायालयात कबूल केलं की कार्डाच्या कडा आपण कापल्या होत्या. म्हणजे तपासणी करणाऱ्या संस्थेच्या पहिल्याच कार्डाची तपासणी चुकली होती.

दरम्यान दुकानं ओस पडू लागली. कंपन्यांनी अतोनात छपाई केलेली होती. ऑगस्ट १९९४ मध्ये बेसबॉलपटूंचा संप झाला आणि त्या वर्षीची वर्ल्ड सिरीजच रद्द झाली. पत्रकार डेव्ह जेमिसन यांनी २००६ मध्ये दिलेल्या अंदाजानुसार एकेकाळची सुमारे १०,००० दुकानं तेव्हा १,७०० च्या आसपास उरली होती. हा अंदाज आहे, जनगणना नव्हे. थिसिसमध्ये तसाच लिहा. पुढे महामारीच्या काळात लाट परत आली, इतकी की २०२१ च्या मे महिन्यात विस्कॉन्सिनमध्ये मारामारी झाल्यावर टार्गेट या साखळीने दुकानांतली कार्डविक्री काही काळ थांबवली. २०२२ च्या सुरुवातीला फॅनॅटिक्सने टॉप्सचा कार्डांचा व्यवसाय घेतला. आज उरलेली दुकानं भावाच्या माहितीवर चालू शकत नाहीत; ती तर प्रत्येकाच्या खिशातल्या फोनवर आहे. बसायला टेबल, अदलाबदलीची संध्याकाळ, लहान मुलाला एखादं कॉमन कार्ड फुकट, हे ती देतात. हा चांगुलपणा मनापासूनचा असेल, पण तो आत्ताच एवढा महत्त्वाचा का झाला, हे विचारणं आपलं काम.

तुमच्या विषयासाठी

यातून पद्धतीचे चार मुद्दे उचला.

१. तक्रार वाचताना "कोण बरोबर?" हे नंतर. आधी "काय मिळायला हवं असं लिहिणाऱ्याला वाटत होतं, आणि ते वाटणं कधीपासूनचं?" हे विचारा.

२. चिडलेला आणि भारावलेला, असे दोघेच लिहितात. मधला मोठा गट गप्प असतो. त्यासाठी जुन्या टेलिफोन डिरेक्टऱ्या, स्थानिक पेपरातल्या जाहिराती, बिलं, भावाच्या पुस्तकांतल्या पेन्सिलच्या खुणा शोधा.

३. वस्तू वाचा. मेणकागद, फॉइल, हॉलोग्राम, प्लॅस्टिकची डबी: प्रत्येक बदल कुठल्या ना कुठल्या भांडणाचं उत्तर आहे.

४. न्यायालयाची कागदपत्रं सोडू नका. काउंटरवरचं बोलणं एरवी हवेत विरतं. खटला झाला तरच ते लिहून राहतं. पण तिथेही दोन्ही बाजू जिंकण्यासाठी बोलत असतात.

आणि सराव म्हणून घरचंच उदाहरण घ्या. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात 'बिग फन' बबलगममधून क्रिकेटपटूंची चित्रं, धावा आणि विकेटी मिळायच्या; त्या जमवून बक्षीस घ्यायचं. आपल्याकडे त्यातून कार्डांची दुकानं उभी राहिली नाहीत. का? भाव छापणारं मासिक नव्हतं म्हणून, की बक्षीस घेताना जमवलेलं परत द्यावं लागायचं म्हणून, की आणखी काही? तेव्हा शाळेत असलेल्या पाच जणांना विचारा: कुठल्या दुकानातून घ्यायचात, दुकानदार काय म्हणायचा, कधी फसल्यासारखं वाटलं का. उत्तरं शब्दशः उतरवून घ्या, आणि पाचांत किमान दोन बायका असू द्या. तेवढ्यावर एक चांगला संशोधन-प्रस्ताव लिहिता येईल, आणि गाईड हसणार नाहीत.